व्हाइसवाले अण्णा

मुंबई सरकारने सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर १८८५ साली छापून प्रसिद्ध केले, त्यात या मुलखातील डोंगर, नद्या, पिके, जत्रा आणि दुष्काळ यांची साद्यंत हकीकत आहे. परंतु ज्या गृहस्थाचे चित्र मी येथे रेखाटू इच्छितो, त्याचा त्या जाडजूड ग्रंथात पत्ता नाही. यात ग्रंथकर्त्यांचा काही दोष नाही. जुने बेंच व्हाइस जमवणारा, त्यांचा गंज उतरवणारा आणि दुरुस्त झालेला व्हाइस दिवाणखान्यात कोचाशेजारी मांडून त्याच्याकडे अपत्यवत्सल दृष्टीने पाहणारा मनुष्य निपजण्यासाठी आधी कारखाने निघावे लागतात, मग ते दोन-तीन पिढ्या चालावे लागतात, आणि त्यानंतर त्यांपैकी काही बंद पडून त्यांचे सामान भंगारात निघावे लागते. हे तिन्ही योग विसाव्या शतकात कृष्णेच्या काठी जुळून आले, आणि साताऱ्यात व सांगलीत अण्णा अवतीर्ण झाले.

त्यांचे पाळण्यातले नाव काहीही असो, गल्ली त्यांना अण्णाच म्हणते. वय साठीच्या पलीकडे. पूर्वायुष्य एखाद्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फोरमन म्हणून, किंवा एस. टी.च्या कार्यशाळेत फिटर म्हणून गेलेले. क्वचित एखादे अण्णा बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले असतात, आणि हा प्रकार सर्वांत दुर्धर. कारण ज्याने उभ्या हयातीत कानस हातात धरली नाही, त्याची लोखंडावरची भक्ती अनुभवाने कधीच कमी होत नाही. ज्या वाचकांचे आयुष्य माझ्याप्रमाणे कागदावरच गेले, त्यांच्यासाठी सांगतो, की व्हाइस, ज्याला शुद्ध मराठीत शेगडा म्हणतात, तो म्हणजे कामाच्या टेबलाच्या कडेला बोल्टांनी जखडलेला बिडाचा दोन जबड्यांचा प्राणी. त्याचा एक जबडा अचल असतो. दुसरा मूठ फिरवली की आट्यांच्या जोराने पुढे सरकतो, आणि मध्ये सापडलेली वस्तू कापून, घासून किंवा ठोकून होईपर्यंत सुटत नाही. अण्णांच्या मते मनुष्यजातीने केलेले हे एकमेव निर्दोष यंत्र होय. बाकीची यंत्रे काही ना काही करू पाहतात आणि म्हणून बिघडतात. हे फक्त धरून ठेवते.

अण्णांच्या संग्रहातील प्रत्येक नगाला कुलवृत्तान्त असतो. सांगलीकर अण्णांचा प्रत्येक व्हाइस किर्लोस्करवाडीहून आलेला असतो आणि सातारकर अण्णांचा प्रत्येक व्हाइस कूपरसाहेबांच्या कारखान्यातून. आता लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडून औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली कारखाना वसवला, हे खरे. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली सातारच्या बाजूला नांगरांचा कारखाना काढला, हेही खरे. आणि जेथे नांगर होतात तेथे व्हाइस असणारच, हे तर्काला धरूनच आहे. परंतु या दोन जिल्ह्यांतील अण्णालोकांनी आजवर जितके व्हाइस या दोन कारखान्यांच्या नावावर खतावले आहेत तितके तेथे खरोखर असते, तर कामगारांना उभे राहायला जागा उरली नसती. याला काही दाखला आहे काय, असे विचारणे हा उद्धटपणा समजला जातो. सातारकर अण्णा अशा वेळी उत्तर न देता मुंबई इलाख्याच्या इतिहासात शिरतात: कूपरसाहेब १९३७ साली इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, त्यांचे मंत्रिमंडळ एप्रिलात आले आणि जुलैत गेले. "मंत्रिमंडळ चार महिने टिकलं नाही," एवढे बोलून ते समोरच्या व्हाइसावर थाप मारतात, "आणि हे बघा!" हा पुरावा कोणत्याही न्यायाधीशाला चालणार नाही, पण साताऱ्यात चालतो.

दोन्हीकडच्या अण्णांमध्ये किर्लोस्करवाडीवरून एक सरहद्दीचा तंटाही आहे. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. तेव्हा त्याआधीची किर्लोस्करवाडीची यशे मूळ साताऱ्याच्या खात्यावर जमा धरावीत, असे सातारकरांचे म्हणणे. वस्तुतः त्या काळी ती जागा संस्थानिकांची होती, त्यामुळे दोघांचाही दावा मुळात फेटाळण्याजोगा आहे. पण तसे सांगायला मध्ये कोण पडणार?

बिडावर उठवलेली अक्षरे बहुधा निराळीच कैफियत सांगतात. अण्णा ती वाचण्यासाठी खडू आडवा धरून रंगाच्या थरांवरून हलकेच फिरवतात, आणि मग यॉर्कशायरातील शिपले गावच्या पार्किन्सन कंपनीचे नाव, किंवा शेफील्डच्या रेकॉर्डचे, पांढऱ्या रेघांत उमटू लागते. पार्किन्सन निघाला तर त्या दिवशी घरात शिरा होतो. या व्हाइसाच्या मुठीशेजारी एक खटका असतो. तो दाबला की आतला अर्धा नट आट्यांपासून सुटतो, आणि एरवी मूठ वीस वेळा गरगर फिरवून जो जबडा मागे घ्यायचा, तो नुसत्या हाताने सरकन मागे येतो. ही सोय लाकूड आणि लोखंड आळीपाळीने धरणाऱ्या कारागिराचा वेळ वाचवण्यासाठी केलेली. अण्णांना वेळ वाचवण्याचे कारण नसते. तरीही ते आल्यागेल्याला तो खटका दाबून दाखवतात, आणि पाहुण्याने "अरे वा" म्हटले नाही तर पुन्हा दाबतात.

अण्णांचा खरा शत्रू म्हणजे भट्टी. कोल्हापूर-सांगलीकडच्या ओतशाळांना जुने बीड हवेच असते, कारण ते वितळून त्याचा पंपाचा सांगाडा किंवा ट्रॅक्टरचा भाग होतो, आणि व्यापारदृष्ट्या यात गैर काहीच नाही. पहिल्या महायुद्धात विलायती लोखंड येईनासे झाले तेव्हा शाहू छत्रपतींनी कोल्हापूरच्या निकामी तोफा किर्लोस्करांना दिल्या आणि त्या वितळून नांगर झाले, अशी हकीकत या भागात सांगतात. अण्णांचा त्याला विरोध नाही. "तोफेला आता विचारतो कोण? पण सहा इंची व्हाइस वितळवणाऱ्याला..." एवढे बोलून ते थांबतात, कारण घरात बायकामाणसे असतात.

म्हणून ते दर आठवड्याला भंगाराच्या दुकानांची फेरी करतात. आपली निकड दुकानदाराला कळू नये यासाठी प्रथम भलत्याच वस्तूंची चौकशी करायची, असा त्यांचा राजनैतिक शिरस्ता आहे.

"ही मोटर कितीला?"

"जळालीया ती."

"बरं, आणि हा पत्रा?"

"अण्णा, व्हाइस तिकडं मागं ठेवलाय. परवाच बाजूला काढून ठेवलाय तुमच्यासाठी."

यानंतर वाटाघाटी सुरू होतात. अण्णा म्हणतात, किलोने लाव. दुकानदार म्हणतो, "किलोनं न्यायला भट्टीवाला हायच की. ह्ये अँटिक हाय." हा शब्द दुकानदाराला अण्णांनीच एका गाफील क्षणी शिकवलेला असतो. पैसे देण्याआधी ते खिशातून चिमुकली हातोडी काढतात आणि मडके वाजवून घ्यावे तसा व्हाइस वाजवून घेतात. स्वच्छ ठण् आला तर बीड अखंड. बद् आला तर मानेशी कुठेतरी चीर आहे. कारण बीड दाबाला वज्रासारखे असले तरी ताणाला कच्चे. जबड्यात वस्तू आवळली की सगळा ताण जबड्याच्या मुळाशी येतो, आणि एखादा बलभीम मुठीला पाइप अडकवून आणखी आवळू लागला, की तेथेच ते तडकते. अण्णा वाकडी मूठ पाहून पूर्वीच्या मालकाचे चारित्र्य सांगू शकतात. "पाइपवाला होता," असे ते म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी याहून कडक शिवी मी ऐकलेली नाही.

घरी आणलेला व्हाइस प्रथम रॉकेलात बुडतो. आटे मोकळे झाले की त्याचे भाग सुटे होऊन व्हरांड्यात, न्हाणीत आणि शेवटी देवघराच्या उंबऱ्यापर्यंत पसरतात. गंज काढण्याचे पुष्कळ उपाय आहेत. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लोखंड बुडवून त्याला बॅटरी चार्जर जोडणारेही अण्णा आहेत, आणि त्यांच्या घरच्या बादल्या त्यांच्या घरचे लोक ओळखत नाहीत. परंतु ऊसकरी जिल्ह्याला शोभणारा उपाय मळीचा. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी यांत गंजलेले लोखंड दोन-तीन आठवडे ठेवले, की मळीतली द्रव्ये गंजाला धरून सोडवतात आणि खालचे लोखंड वाचते. अडचण एवढीच, की मळीपासून मद्य होते म्हणून तिच्यावर सरकारचा पहारा आहे, आणि उत्पादन शुल्क खात्याच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहून "मला ती व्हाइसाला पाजायची आहे" असे सांगण्याचे धैर्य फारच थोड्यांत असते. तेव्हा अण्णा गुऱ्हाळावरून काकवी आणतात.

"अहो, पोळीशी खायची काकवी तुम्ही त्या लोखंडाला?"

"नऊ भाग पाणी घातलंय गं."

या उत्तराने त्या माऊलीचे समाधान कसे व्हावे, हे मला कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या पिंपातून जो दर्प सुटतो, त्याने शेजारी गटार तुंबल्याची तक्रार घेऊन नगरपालिकेकडे जातात. मुंग्या मात्र तालुक्याच्या चारही दिशांनी येतात. शेवटी तारेच्या ब्रशाने घासून, आट्यांना वंगण देऊन, वर निळा किंवा करडा रंग चढवून व्हाइस सिद्ध होतो, आणि अण्णा दोन दिवस कोणाशी भांडत नाहीत.

आता एवढा उपद्व्याप करून त्या व्हाइसात होते काय, असा अरसिक प्रश्न वाचक विचारील. उत्तर सरळ आहे. त्यात दुसरा व्हाइस दुरुस्त होतो. एकाची वाकडी मूठ दुसऱ्याच्या जबड्यात सरळ करायची, दुसऱ्याच्या जबड्याच्या पट्ट्या तिसऱ्यात धरून घासायच्या, आणि तिसऱ्याची फिरती बैठक जाम झाली म्हणून चौथा शोधायचा, असा हा स्वयंपूर्ण उद्योग असून बाहेरच्या जगाची त्यात कोणतीही गरज पडत नाही. गल्लीतल्या कोणी कुकरचे हँडल किंवा सायकलचे पेडल घेऊन आले तर अण्णा करून देतात, नाही असे नाही. जबड्यांना आधी तांब्याच्या पत्र्याच्या टोप्या घालून, म्हणजे वस्तूवर ओरखडा उठू नये, अशा बेताने. पण मूठ दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. या बाबतीत सांगलीकर थोडे उदार आहेत. सातारकर अण्णांच्या व्हाइसावर दुपारी झाकायला शिवलेली खोळ असते, आणि ती काढण्याचे मुहूर्त दसरा आणि मोठ्या जावयाचे येणे हे दोनच.

जावयावरून आठवले. व्हाइस किती उंचीवर बसवावा याचा वर्कशॉपातला नियम असा, की त्याच्या सामोरा ताठ उभा राहिल्यावर जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला यावी, म्हणजे कानस सपाट चालते. हा नियम हाडीमासी खिळल्यामुळे अण्णा कोणाही तरुणाच्या चेहऱ्याकडे न पाहता आधी कोपराकडे पाहतात. मुलगी दाखवण्याच्या एका कार्यक्रमात मी हजर होतो. मुलगा इंजिनिअर, म्हणजे पहिल्या वर्षी दोन चौकोनी पत्रे एकमेकांत बसेपर्यंत त्याने कानस चालवलेली. पोहे येण्याआधी अण्णांनी त्याला टेबलाशी नेऊन उभे केले आणि परत येऊन हर्षभराने जाहीर केले, "बरोबर बेचाळीस इंच!" मुलाकडच्या मंडळींना हा हुंड्याचा काही नवा संकेत वाटून त्यांचे चेहरे उतरले.

ज्या अण्णांचा मुलगा अमेरिकेत आहे, त्यांचा रोग आंतरराष्ट्रीय होतो. शिकागोत १९४१ साली सुरू झालेल्या विल्टन कंपनीचे जुने व्हाइस, ज्यांचे अंग बंदुकीच्या गोळीसारखे गोलसर असते, त्यांच्यावर तिकडचे संग्राहक जीव टाकतात. विमान कंपनी एका बॅगेला बहुधा २३ किलोच देते; त्यामुळे असा व्हाइस एका दिवाळीला अचल जबडा आणि पुढच्या दिवाळीला चल जबडा, अशा दोन हप्त्यांत सांगलीस पोहोचतो. नातवंडांनी आजीसाठी घेतलेली चॉकलेटे दोन्ही वेळा तिकडेच राहतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीच्या गावभागात शिरली, तेव्हा लोकांनी दागिने, कागदपत्रे आणि धान्य वर चढवले. एका अण्णांनी मुलांच्या मदतीने पाच व्हाइस माडीवर नेले, आणि टीव्ही व फ्रिज खाली राहिल्याचे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत जिना बुडाला होता. सहावा व्हाइस कोणालाच उचलवला नाही, तो पाण्यात राहिला. पूर ओसरल्यावर फ्रिज भंगारात गेला, टीव्ही गेला. सहावा व्हाइस गाळातून निघाला, त्यावर रॉकेलाचा बोळा फिरला आणि संध्याकाळपर्यंत त्याची मूठ फिरू लागली. गृहिणीने त्या दिवसापासून व्हाइसाविरुद्ध बोलणे सोडले. अण्णांविरुद्ध बोलते.

माझे मत विचाराल तर या गृहस्थांपासून समाजाला काडीइतकाही उपद्रव नाही. काकवीचा भाव त्यांच्यामुळे वाढला असेही सिद्ध झालेले नाही. तेव्हा वाचकांना एवढीच विनंती, की आपल्या आजोबांचा एखादा व्हाइस माळ्यावर किंवा परसात पडला असेल तर तो किलोने विकू नका. वर्षातून एकदा त्याच्या आट्यांना तेल द्या, मुठीला पाइप लावू नका, आणि जबड्याच्या पाठीवर हातोडा चालवू नका, त्यासाठी ऐरण असते. आणि तो आपल्याकडे असल्याचे मोठ्याने बोलू नका. साताऱ्याहून सांगलीस जाणाऱ्या पहिल्या एस. टी.त अण्णा बसलेले असतात.