स्वर्गातली केळी

झाडाचं लॅटिन नाव घेताना माझा आवाज आपोआप खर्जात जातो. शाहपूरला मामांच्या बागेत मी पहिल्यांदा 'म्युसा पॅराडिसियाका' म्हणालो, तेव्हा मामांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, कोणी पाहुणा आलाय.

इथे थांबायला हवं होतं. हे नाव ठेवणारा अख्खा लिनियस मी बांधावर बसून सांगितला. 1736 साली हॉलंडमध्ये क्लिफर्ड नावाच्या धनाढ्य बँकरच्या काचघरात त्याने केळ निसवली. आधी पाणी तोडलं, मग मृग लागल्यासारखं धो धो दिलं. बिचारी केळ फसली. तेवढ्यावर पठ्ठ्याने पुस्तक लिहिलं! 1753 मध्ये नाव ठेवलं पॅराडिसियाका, म्हणजे स्वर्गातली. आदम-हव्वेला भोवलेलं फळ हेच, असा त्याचा संशय. पुढे दुसऱ्या केळीला नाव दिलं सेपिएंटम, म्हणजे ज्ञानी माणसांची. मी मान किंचित झुकवली.

मामांनी एकच विचारलं, "एका झाडावर पुस्तक?" त्यांची पाच हजार झाडं. त्यांच्यावर आजवर निघाली ती फक्त कर्जाची नोटीस.

हवा काढली ती मामांच्या नातीने. ती शेतकी शिकते. लिनियसची दोन्ही नावं निघाली संकरित केळींची, अ‍ॅक्युमिनाटा आणि बाल्बिसियाना यांच्या लेकरांची. आपल्या बागेतली जी-नाइन निव्वळ अ‍ॅक्युमिनाटा. म्हणजे दोन वर्षं मी खर्ज लावून चुकीचं नाव घेत होतो. वर ती म्हणाली, बसराई, श्रीमंती, जी-नाइन या सगळ्या एकाच कॅव्हेंडिश गटातल्या. लॅटिन नावाने त्या वेगळ्या ओळखूच येत नाहीत. मामा बांधावरूनच सांगतात, बसराई कुठली आणि श्रीमंती कुठली. आणि जी-नाइन म्हणजे ग्रँड नैन. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'मोठा बुटका'. हे ऐकून मामा इतके हसले की मला थोडं बरं वाटलं.

मे महिन्यात पहाटे त्यांचा फोन आला. "तुझी ती स्वर्गातली... पडली रे सगळी."

मी दुरुस्ती केली नाही.

गेलो तेव्हा बागेत वाऱ्याने कंगवा फिरवावा तशी झाडं एकाच दिशेला आडवी. खोडं मधोमध मोडलेली, घड मातीत, फण्या अजून हिरव्या. पंधरा दिवसांत कटाई होती. मामा एका घडावरची माती धोतराच्या सोग्याने पुसत होते. पुसून त्याचं काय करणार होते, कोण जाणे.

पंचनाम्याला आलेल्या माणसाने कागदावरून मान वर न करता विचारलं, "किस्म?"

मामा माझ्या कानाशी आले. "ते स्वर्गवालं सांगू का? काही जास्ती मिळेल?"

"जी-नाइन सांगा, मामा," मी म्हणालो. आवाज तसाही खालीच होता.