सामंजस्य करार

आपल्या शिक्षणक्षेत्रात सामंजस्य करारासारखं लग्न दुसरं नाही. शाल, श्रीफळ, फोटो सगळं यथासांग होतं. संसार तेवढा कोणी करत नाही. नॅकच्या मूल्यांकन अहवालात करारांची यादी लांबते आणि आयटीआयचा फिटर कॉलेजच्या गेटवर विचारत राहतो, "सर, माझं पुढं काय?"

कागदावर त्याचं सगळं ठरलेलं आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथून इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख करून द्यायचं ठरवलं. 2021 मध्ये श्रेयांक जमा ठेवणारी क्रेडिट बँक आली, 2023 मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा. नियमांची ददात नाही.

अडतं ते वर्गात. थेट दुसऱ्या वर्षात बसवलं की पहिल्या वर्षाचं गणित आपोआप येतं, अशी व्यवस्थेची श्रद्धा आहे. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणारा पोरगा इंटिग्रेशनपाशी थबकतो आणि 'कच्चा' ठरतो. ठरवणारे सर लेथजवळ कधी गेले होते, हे विचारायचं नसतं. (गेले असतील, उद्घाटनाला.) मुलाच्या हातातलं कौशल्य मोजायला विद्यापीठाकडे रकानाच नाही, मग श्रेयांक कुठून देणार?

तेव्हा कुलगुरूमहाराज, पुढच्या करारात एवढंच लिहा: गणिताचे जादा तास कोण घेणार, कोणत्या वारी, आणि त्याचं मानधन कोण देणार.