सरखेल

मे महिन्यात दापोलीहून आलेली एसटी हर्णैला थांबते आणि पुण्याच्या मंडळींच्या पिशव्या ओसरीवर टेकायच्या आत हा माळ्यावर खोरं शोधायला पोचलेलाही असतो. वय बारा, गळ्यात शिट्टी, खिशात नकाशा. नकाशा चहाच्या पाण्यात बुडवून आणि कडा उदबत्तीने जाळून ‘जुना’ केलेला. घरात याला सगळे सरखेल म्हणतात. ही पदवी कान्होजी आंग्र्यांची. आपल्याला ती जरा मोठी होते अशी शंका याला अजून शिवलेली नाही.

इतिहास मात्र पक्का. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या बाजूने लढून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, इथपर्यंत सरखेल चोख सांगतो. मग आवाज खाली येतो. “आदल्या रात्री एक पेटी होडीतून किनाऱ्याला लागली...” हे पदरचं.

“आंग्रे एवढे दर्यावर्दी,” आजी तांदूळ निवडता निवडता विचारते, “ते भरतीच्या रेघेच्या आत कशाला रे पुरतील?”

“आजी, तू मोहिमेत नाहीस.”

पेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत लिमलेटच्या गोळ्या, कवड्या आणि काकाचं बंद पडलेलं घड्याळ. हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण आदल्या संध्याकाळी डबा पुरताना बॅटरी धरायला धाकटी होती आणि धाकटीच्या पोटात काही राहत नाही. तरी सगळे येतात. न येऊन दुपारभर करणार काय, आमसुलं वाळत घालणार?

सकाळ हुद्दे वाटण्यात जाते. खणणारे, पावलं मोजणारे, पाण्याची बाटली सांभाळणारे. सगळ्यात लहानग्याला ‘मागून येणे’ हे खातं मिळतं. सरखेल स्वतः खोऱ्याला हात लावत नाही. मग आमरस, मग आमरसाची झोप. मोहीम निघते तीनला, वाळू तव्यासारखी तापलेली असताना.

नकाशात लिहिलेलं असतं : निळ्या होडीच्या नाळेपासून पश्चिमेला वीस पावलं. होडी नसते. ती पहाटेच मासेमारीला गेलेली. बंदी लागते एक जूनला. तोवर खजिन्याची खूण म्हणून होडी वाळूत कोण ठेवणार?

“आज षष्ठी,” हर्णैचीच चुलतबहीण म्हणते. “तिथीच्या पाऊणपट. साडेचारला पूर्ण भरती. पाणी चढतंय बघ.”

“मोहिमेला तिथी लागत नाही,” सरखेल म्हणतो आणि अंदाजाने पाच खड्डे खणवून घेतो. पाचही लाटा बुजवतात. गंमत म्हणजे तो जराही खट्टू होत नाही. मला तर वाटतं, डबा हाती लागलाच तर त्याचीच पंचाईत होईल. मग शिट्टी कोणासाठी वाजवायची?

“खजिना शत्रूने आधीच पळवला!” तो जाहीर करतो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा अंदाज तंतोतंत खरा असतो. सकाळच्या ओहोटीला चुलतबहिणीने डबा काढून सगळ्यांना वाटून टाकलेला. समोर रांगेत उभ्या फौजेच्या जिभा केशरी. सरखेल त्या फौजेवरून करडी नजर फिरवतो, शत्रूचा माग काढायची नवी मोहीम उद्याच काढायची असं ठरवतो आणि हेरखातं चुलतबहिणीकडे सोपवतो.