डब्यावरच्या साहित्यिकास अनावृत पत्र

मांजरांच्या खाण्याच्या डब्यांवर मजकूर लिहिणाऱ्या अज्ञात साहित्यिक महाशयांस,



चार बोटं जागेत एवढी कल्पनाशक्ती आजवर कुणी दाखवली नसेल, म्हणून महाशयांचं हे जाहीर अभिनंदन.

अमेरिकेत पशुखाद्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांची 'आफ्को' नावाची संघटना आहे. तिच्या नमुना नियमांच्या कुंपणातच महाशयांची प्रतिभा फुलली. डब्यावर नुसतं 'ट्यूना कॅट फूड' लिहायचं तर प्रक्रियेचं पाणी वगळून ९५ टक्के ट्यूना लागतो. 'ट्यूना डिनर' म्हटलं की २५ टक्क्यांत भागतं. 'विथ ट्यूना'ला ३ टक्के पुरतात. 'ट्यूना फ्लेवर'ला तर किमान टक्केवारीच नाही. चव लागण्यापुरता अंश असला की झालं. एका 'डिनर'पायी ७० टक्के मासा गायब! एवढा तर खुद्द मांजरालाही पळवता येत नाही.

पाण्याचंही तेच. डब्यात ७८ टक्क्यांहून जास्त पाणी नसावं असा दंडक आहे. पण 'स्ट्यू' किंवा 'इन ग्रेव्ही' छापलं की ही मर्यादा लागूच होत नाही. अशा काही डब्यांत ८७.५ टक्क्यांपर्यंत पाणी आढळलं आहे. आपल्याकडे गवळी उगाच बदनाम झाले. बिचाऱ्यांना 'मिल्क इन ग्रेव्ही' सुचलं नाही.

पाणी वाईट नव्हे. मांजर मुळात कमी पाणी पितं, त्यामुळे ओलं अन्न त्याला मानवतं. फक्त हिशेब ते पाणी वजा करून मांडावा लागतो. डब्यावर १० टक्के प्रथिनं आणि ७८ टक्के पाणी असेल, तर कोरड्या भागात प्रथिनं ४५ टक्के भरतात. शेजारच्या कोरड्या खाद्याच्या पिशवीवर ३२ टक्के प्रथिनं दिमाखात झळकतात. त्यातलं १० टक्के पाणी वजा केलं तर ती जेमतेम ३६ होतात. महाशयांनी हे गणित कुठेही छापलेलं नाही. कदाचित काव्यात बसत नसेल.

'प्रीमियम' आणि 'गोर्मे' या विशेषणांना तिथल्या कायद्यात काहीच अर्थ नाही, त्यामुळे ती सढळ हातानं वापरली जातात. उलट 'बाय-प्रॉडक्ट' दिसलं की ग्राहक नाक मुरडतो. वास्तविक त्यात यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस असतं. उंदीर खाताना मांजर तरी काय निवडून टाकतं?

आता थोडं गंभीर. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं, की बाजारचं तयार अन्न खाणाऱ्या मांजरांची हृदयं टॉरिन या पोषकद्रव्याच्या कमतरतेनं फुगून निकामी होत होती. टॉरिन दिल्यावर ती सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी त्याचं प्रमाण वाढवलं. डबाबंद अन्नात आज आफ्कोच्या हिशेबानं कोरड्या भागाच्या ०.२ टक्के टॉरिन लागतं, म्हणजे कोरड्या खाद्याच्या दुप्पट.

म्हणून डब्यावरचं सर्वांत मोलाचं वाक्य मागे, मुंगीच्या अक्षरांत असतं: 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड', म्हणजे टॉरिनसह सगळी पोषकद्रव्यं पुरेशी, आणि ते पिल्लासाठी की प्रौढ मांजरासाठी. त्याऐवजी 'सप्लिमेंटल' किंवा 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर तो डबा खाऊ आहे, रोजचं जेवण नव्हे. मुंबई-पुण्याच्या दुकानांत थायलंडहून येणाऱ्या काही डब्यांवरही 'कॉम्प्लिमेंटरी' हा शब्द असतो, त्यामुळे इथल्या मांजरवाल्यांनीही डबा उलटा करूनच पैसे काढावेत.

पुढल्या आवृत्तीत महाशयांनी ते वाक्य दर्शनी भागावर, माशाच्या चित्राएवढं मोठं छापावं, ही विनंती.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, टॉरिन मात्र असावं.