आक्का, आपल्या भेटीचे उपकार

तीर्थस्वरूप आक्का यांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला आणि दुसऱ्याच दिवशी आपण केळी घेऊन हजर झालात. एवढ्या उन्हात, एस.टी. बदलत बदलत. आपले उपकार कसे फेडावेत, या विचाराने मला रात्र रात्र झोप लागत नाही.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण आपण एकट्या नाही. भूम, परंडा, कळंब, तुळजापूर, जाल तिथे गल्लीत एक आक्का आहेच. सगळ्यांना वेगवेगळे कुठे लिहू?

डॉक्टर म्हणाले होते, गाठ लहान आहे, काखेत गेलेली दिसत नाही, वेळेत आलात. ते ऐकून मला चार घास गेले होते. आपण पलंगावर टेकलात आणि म्हणालात, "आमच्या शेजारची बी अशीच धडधाकट हुती गं, तीन महिन्यांत गेली." तिला कॅन्सर कुठला होता, असे मी विचारले, तर आपण म्हणालात, "पोटाचा का कशाचा." आपल्या या अचूक माहितीबद्दल मी ऋणी आहे.

"सुई लावली की गाठ खवळती," हेही आपण मोठ्या मायेने सांगितलेत. तपासणी होऊन गेल्यावर सांगितलेत, हा आपला मोठेपणा. सुईने तुकडा घेतल्यावाचून गाठ कसली आहे आणि तिला कुठले औषध लागू पडेल, हे कळत नाही. सुईने रोग पसरत नाही. पण आपल्या शब्दाने तो माझ्या डोक्यात पसरला. आता पाठीत जरा उसण भरली तरी वाटते, हाडात उतरले. रात्री सगळे घर झोपते आणि मी अंधारात काख चाचपत बसते. अंगाला दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, पोरांची तोंडे डोळ्यांपुढे येतात.

"समदंच काढून टाक, ब्याद नको," हा आपला सल्लाही शिरोधार्य. फक्त डॉक्टरांचे म्हणणे असे, की एवढ्या लहान गाठीला नुसती गाठ काढून पुढे शेक दिला, तरी बाई तितकीच जगते.

आणि माझ्या लेकीसमोर आपण तिच्या लग्नाची काळजी केलीत! "हे आईकडनं लेकीला येतं." शंभरातल्या पाच-दहा जणींचाच हा आजार रक्तातून आलेला असतो, आक्का. ती पोर त्या दिवशी जेवली नाही. हे मात्र मी आभार मानून सोडून देणार नाही.

मला धीर दिला तो दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी. त्या म्हणाल्या, भीती वाटणारच, ती दाबू नका. रात्री जो प्रश्न छळतो तो वहीत लिहा आणि सकाळी डॉक्टरांना विचारा. फारच जीव घाबरला तर १४४१६ लावा. सरकारचा टेली मानसचा नंबर आहे, फुकट लागतो, मराठीत बोलतात. पोराच्या जुन्या वहीची कोरी पाने मी भरते आहे. पहिल्या पानावरचे निम्मे प्रश्न आपलेच आहेत.

आपल्या बोलण्यात ताकद आहे, हे मी थट्टेने म्हणत नाही. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, त्यात आपले परंडा आणि भूम होते. नोंदणीची माणसे गावोगाव जाऊन पारावर, ओसरीवर बायकांशी नुसते बोलत. अंगावरून जाते का, कधीपासून, दाखवले का. एवढ्या बोलण्याने गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायका आधीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. पुढे १९९९ पासून परंडा-भूमच्या आपल्या जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायका तपासणीच्या अभ्यासात आल्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला कळले ते आपल्या जिल्ह्यातून. लाज, धाक, घरच्यांची बोलणी हे सगळे पार करून त्या आल्या होत्या. त्यांत आपल्या वयाच्या किती असतील! अशा बायकांच्या जिल्ह्यात ओसरीवरच्या गप्पांनी एखादीला दवाखान्याच्या वाटेवरून माघारी फिरवावे, याचा मला संताप येतो.

आता जे लिहायचे म्हणून पत्राला बसले ते लिहिते.

निघताना आपण उंबऱ्यात चप्पल घालत होतात. पदर सारखा केलात आणि माझ्याकडे न बघता विचारलेत, "दुखत नसली तर गाठ चालती ना गं?"

चालत नाही, आक्का. माझीही दुखत नव्हती. बहुतेक जणींची दुखत नाही. गाठ म्हणजे दर वेळी कॅन्सर नव्हे, पुष्कळदा साधीच निघते, पण ते तपासल्यावर कळते. मुंबईत १९९८ पासून वीस वर्षे अभ्यास झाला. शिकवून तयार केलेल्या बायका वस्तीत जाऊन हाताने स्तन तपासायच्या. पन्नाशीपुढच्या बायकांचे स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्याने जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. आपण साठीच्या पुढे आहात.

मंगळवारी मी बार्शीला दवाखान्यात जाणार आहे. सोमवारी मुक्कामाला या. केळी नकोत, रेशनकार्ड आणि आधारकार्ड आणा, जनआरोग्य योजनेला लागते. घरात कुणाला सांगायचे नसेल तर माझ्या सोबतीला जाते म्हणा.

कळावे.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. सुईची भीती वाटत असेल तर मी शेजारी उभी राहीन.