इमेज मारणारे गृहस्थ

शहरी मध्यमवर्गात गेल्या काही वर्षांत जो एक नवा मनुष्यप्रकार रुजला आहे, त्याला सोयीसाठी ‘कार्डलेखक’ म्हणता येईल. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधून रास्पबेरी पाय नावाचा, क्रेडिट कार्डाएवढा, ३५ डॉलर किमतीचा संगणक विक्रीस आला, आणि त्यामागे मुलांनी स्वस्तात प्रोग्रॅमिंग शिकावे असा उदात्त हेतू होता. आपल्याकडे मात्र तो मुलाच्या नावाने घरात येतो आणि वडिलांच्या टेबलावर मुक्काम करतो. या संगणकात हार्ड डिस्क नसते, त्यामुळे त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राला जागे करून कामाला लावणारी मूळ प्रणाली, नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डावर दुसऱ्या संगणकाकडून लिहून घ्यावी लागते. ही उणीव नसती तर कार्डलेखकाने सुट्टीच्या दिवशी काय केले असते, हे सांगणे कठीण आहे.

जी लिहायची ती ‘इमेज’ दिसायला एकच फाइल असली, तरी तिच्यात संपूर्ण डिस्कची बाइटगणिक नक्कल असते : आरंभी विभागांचा तक्ता, मग यंत्र सुरू होताना लागणाऱ्या फायलींचा फॅट३२ पद्धतीचा छोटा विभाग आणि त्यामागे लिनक्सचा एक्स्ट४ पद्धतीचा मोठा विभाग. साहजिकच ती कार्डावर नुसती कॉपी करून भागत नाही. तसे केल्यास ती तिथे इतर फायलींसारखी पडून राहते आणि यंत्र सुरूच होत नाही. ती कार्डाच्या पहिल्या बाइटपासून ओळीने उतरवावी लागते, आणि यालाच कार्डलेखक ‘इमेज मारणे’ म्हणतो. एवढे ज्ञान दोन-तीन वाक्यांत संपण्यासारखे आहे, परंतु तो ते लग्नाच्या पंगतीत वरणभातापासून मठ्ठ्यापर्यंत पुरवतो.

या प्रकारात दोन पंथ आढळतात. जुना पंथ ‘डीडी’ या युनिक्सच्या आज्ञेचा उपासक असून, ती आज्ञा कुठून वाचायचे आणि कुठे लिहायचे एवढेच ऐकते, ‘नक्की ना?’ असे कधीही विचारत नाही, आणि कार्डाऐवजी चुकून घरच्या डिस्कचे नाव दिले गेले तर मुलांच्या बारशापासूनचे फोटो निमूटपणे पुसून टाकते. तिला ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ हे टोपणनाव उगीच मिळालेले नाही. नवा पंथ २०२० साली आलेले ‘रास्पबेरी पाय इमेजर’ वापरतो, ज्यात सिस्टिम आणि कार्ड निवडून बटण दाबले की टक्केवारी सरकू लागते आणि शेवटी लिहिलेले पुन्हा वाचून ताडूनही पाहिले जाते. संध्या न करता पानावर बसलेल्या माणसाकडे एखादे कर्मठ आजोबा जसे पाहत असत, तसे डीडीपंथीय या मंडळींकडे पाहतात.

कार्डाची खरेदी हा स्वतंत्र विधी आहे. मुंबईतला लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली इथे तो दुकानदाराला ३२ जीबीचे कार्ड विंडोजमध्ये २९च्या घरातच का दिसते, असे दरडावून विचारतो. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, हे उत्तर त्याला दुकानदारापेक्षा चांगले ठाऊक असते. नकली कार्डांची भीती मात्र रास्त आहे, कारण अशी कार्डे ६४ जीबीची असल्याचे बेधडक सांगतात आणि खरी जागा संपली की पुढचा मजकूर गिळून टाकतात.

‘याचं करायचं काय?’ हा घरातून येणारा प्रश्न त्याला सर्वांत गैरसोयीचा वाटतो. त्यावर उतारा म्हणून तो सगळ्या घरासाठी जाहिराती अडवणारे ‘पाय-होल’ बसवतो. त्याच संध्याकाळी साड्यांच्या सेलच्या जाहिरातीवर बोट ठेवूनही पान उघडत नाही, आणि ‘आधी ते काढा’ असा आदेश निघतो. कधी झाडलोट करताना भिंतीवरचे बटण बंद होते आणि लिहिता लिहिता वीज गेल्याने कार्डावरच्या फायली बिघडतात. कधी ते कार्ड विंडोजला जोडले जाते, एक्स्ट४ न समजणारे विंडोज ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारते, आणि घाईतले कोणीतरी ‘हो’ म्हणून मोकळे होते. अशा प्रत्येक प्रसंगी तो मोठा उसासा टाकतो खरा, पण लॅपटॉप उघडतानाची त्याची लगबग चाणाक्ष निरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. चालू स्थितीतला संगणक त्याला बेकार करतो. बिघडलेले कार्ड हाताला काम देते.

त्याच्या खणात अशी बरीच कार्डे साठलेली असतात आणि कशावर काय आहे याची चिठ्ठी एकावरही नसते. प्रत्येक कार्ड यंत्रात घालून पाहण्यापेक्षा हाताला लागेल त्यावर नव्याने इमेज मारलेली बरी, असे तो ठरवतो, आणि हा निर्णय घेताना त्याला फारसे जड जात नाही.