किटलीपंडित

दिवाळीची सुट्टी लागली की कोकणातल्या देवबागेत पुण्याचा किटलीपंडित उतरतो. बाकीचे पाहुणे त्सुनामी बेटाच्या होड्यांची चौकशी करतात; हा थेट न्याहारी-निवासाच्या स्वयंपाकघरात डोकावतो. बॅगेत चिनीमातीची किटली, दार्जिलिंगच्या पानांचा डबा, हातात टायमर लावलेला मोबाइल. पातेल्यात पाणी, साखर, पावडर, ठेचलेलं आलं आणि गवती चहाची पाती एकत्र रटरटताना दिसली, की घरात काही अशुभ घडल्यासारखा त्याचा चेहरा होतो. ‘‘वहिनी, चहा उकळायचा नसतो, मुरवायचा असतो!’’ वहिनी ‘‘होय तर’’ म्हणतात आणि आच वाढवतात.

त्याचं शास्त्र खोटं नाही, पण ते दुसऱ्या चहाचं आहे. दार्जिलिंगचं वळलेलं पान उकळलं तर त्याचा नाजूक वास वाफेबरोबर जातो; उकळतं पाणी ओतून तीन-चार मिनिटं झाकून ठेवणं हेच त्याला योग्य. वहिनींच्या डब्यात मात्र सीटीसी पावडर असते. आसामात १९३०च्या दशकात निघालेली ही रीत पान दातेरी रुळांत चिरडते, फाडते आणि त्याचे दाणे वळते. ते पटकन रंग सोडतात आणि दूध-साखरेपुढे मान टाकत नाहीत. उकळल्याने तुरटपणा वाढतो, हा पंडिताचा आक्षेप बरोबरच आहे. पण दुधातलं केसीन त्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून वहिनींचा चहा कडक होतो, जिभेला ओरबाडत नाही. उलट त्याच्या दार्जिलिंगमध्ये एवढं दूध घातलं, तर दुधाचीच चव लागेल.

मग तो आंतरराष्ट्रीय प्रमाण काढतो: शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं. प्रमाण खरं आहे, १९८०चं आहे. पण ते चहाच्या नमुन्यांची एकसारखी तुलना करता यावी म्हणून आहे, न्याहारीसाठी नव्हे. ब्रिटिशांच्या अशाच सहा पानी प्रमाणाला १९९९मध्ये थट्टेचं इग्नोबेल पारितोषिक मिळालं, हे तो सांगत नाही.

खरा प्रश्न पाण्याचा, आणि तिथे पंडित गप्प असतो. देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. अशा जमिनीत पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. विहिरींचा उपसा वाढला की खारं वर सरकतं. मग जगातली कुठलीही किटली उपयोगाची नाही. चहाला पाणी कुठलं घ्यावं, हे विहिरीशी रोज बोलणाऱ्या बाईला कळतं, टायमरला नाही. तेव्हा पंडितांनी किटली आणावी, खुशाल आणावी. पण पुण्यात पोचेपर्यंत ती बॅगेतच ठेवावी आणि इथे वहिनी ‘‘घेवा, चाय थंड जाता’’ म्हणाल्या की मुकाट्याने कप उचलावा.